तबकडीवरचे नाव

ध्वनिमुद्रिकेवर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे बारीक चक्राकार रेषांत कोरून ठेवलेला आवाज, आणि दुसरी म्हणजे मधोमध चिकटवलेल्या कागदाच्या वर्तुळावर छापलेले नाव. आवाज गाणाऱ्याचा असतो, याविषयी सहसा कोणाला शंका नसते. ते नाव मात्र कोणाचे असते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जानने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच तिने इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारले. तीत मिरवण्याची हौस शोधण्याचे कारण नाही. मुद्रिका तयार व्हायची ती जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कळण्यासारखे नव्हते आणि कोणत्या तबकडीवर कोणते नाव चिकटवावे, हे त्यांना आवाजातूनच सांगणे भाग होते. अशा रीतीने आपल्याकडे ध्वनिमुद्रिकेचा आरंभ झाला तोच नाव आणि आवाज यांची गाठ बांधून. पुढील शंभर वर्षांत ही गाठ कितीदा सुटली, कितीदा मुद्दाम सोडवली गेली आणि त्यातून काय निष्पन्न झाले, ते आज थोडे पाहावयाचे आहे.

विषय सुचला तो एका तरुण शेजाऱ्यामुळे. नोकरीच्या निमित्ताने मी सध्या बंगळूरच्या एचएसआर लेआउट या वसाहतीत राहतो. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. म्हणजे वसाहतीचे नावसुद्धा एका अर्थी टोपणनावच. आमच्या वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचा एक मुलगा राहतो. दिवसा तो संगणकाच्या कंपनीत काम करतो आणि रात्री भिंतीला गाद्या टेकवून, एका ध्वनिग्राहकापुढे बसून गाणी मुद्रित करतो. नऊ गाणी त्याने पुरी केली आहेत. ती त्याने स्वतःच्या नावाने केलेली नाहीत. एक काल्पनिक गायक कल्पून, त्याला निराळे नाव देऊन, त्याच्या तोंडून ती गायली आहेत, आणि अजून कोणाला ऐकवलेली नाहीत. एके दिवशी जिन्यात त्याने मला विचारले, "काका, दुसऱ्या नावानं गाणं लोकांपुढं ठेवणं ही लबाडी होते का हो?" पुढे त्याने प्रिन्स या अमेरिकन गायकाचा दाखला दिला. प्रश्न प्रामाणिक होता. त्याला उडवून लावण्यात अर्थ नव्हता.

प्रिन्सची हकीकत प्रथम सांगतो, कारण ती अशा प्रकरणांतली सर्वांत टोकाची आहे. मिनियापोलिस शहराचा हा गायक १९८०च्या दशकात अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय कलावंतांपैकी एक होता. १९८६ साली त्याने 'कॅमिल' या नावाने आठ गाण्यांचा एक संपूर्ण संग्रह ध्वनिमुद्रित केला. कॅमिल ही त्याने कल्पिलेली व्यक्ती. ती पुरुष की स्त्री, हे मुद्दामच अस्पष्ट ठेवलेले. संग्रहाच्या वेष्टनावर प्रिन्सचे नाव कोठेही येऊ नये, अशी योजना होती. पण नाव लपवले तरी आवाजाचे काय करावयाचे? लक्षावधी लोकांच्या कानांत बसलेला आवाज एका ओळीत ओळखला जातो. यावर त्याने जी युक्ती केली ती ग्रामोफोनच्या जुन्या श्रोत्यांना सहज कळेल. चावीच्या यंत्रावर तबकडी नेमल्या वेगापेक्षा जलद फिरली की गायकाचा आवाज चढतो आणि पातळ होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी करून पाहिले असेल. प्रिन्सने मुद्रणाची फीत मंद गतीने फिरवून तीवर गायन केले आणि मग ती मूळ गतीने वाजवली.

गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की स्वर एका अर्ध्या पट्टीने वर जातो. परंतु एवढेच होत नाही. माणसाच्या गळ्याचा आणि मुखपोकळीचा आकार ठराविक असतो व त्या पोकळीत काही ठराविक कंपने अधिक घुमतात. मोठ्या घागरीचा आणि लहान लोट्याचा घुमारा वेगळा असतो, तसे. गायक स्वतः वरच्या पट्टीत गाऊ लागला तरी ही पोकळी तीच राहते, म्हणून आवाज त्याचाच वाटतो. फितीची गती वाढवली की स्वराबरोबर हा घुमाराही वर सरकतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की गाणाऱ्याचा गळाच लहान आहे. यामुळे कॅमिलचा आवाज ना पुरुषाचा ना स्त्रीचा, असा काहीसा चमत्कारिक लागतो. नाव आणि आवाज या दोहोंना एकदम मुखवटा चढवण्याचा हा प्रकार होता.

तो संग्रह मात्र त्या रूपात बाहेर आला नाही. प्रिन्सने तो बाजूला ठेवला. त्यातील तीन गाणी १९८७ सालच्या 'साइन ओ द टाइम्स' या त्याच्या स्वतःच्या नावाच्या संग्रहात आली, काही लहान तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूवर गेली, एक १९८८ मध्ये चित्रपटाच्या संगीतात समाविष्ट झाले. प्रिन्स २०१६ च्या एप्रिलात निवर्तला. आठांपैकी राहिलेले शेवटचे गाणे २०२० साली प्रसिद्ध झाले. गाणी सारी लोकांना मिळाली. ज्या कल्पित व्यक्तीने ती गायली होती, ती मात्र त्यांच्यातून निघून गेली होती. याच गृहस्थाने 'क्रिस्टोफर' या नावाने बँगल्स या स्त्रियांच्या वाद्यवृंदाला 'मॅनिक मंडे' हे गाणे रचून दिले आणि ते १९८६ साली गाजले. लोकांनी क्रिस्टोफर कोण याची फारशी चौकशी केली नाही. रचनाकार पडद्याआड सहज राहू शकतो, गायकाला राहता येत नाही. हा भेद पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. टोपणनाव घेऊन लिहिण्याची आपली परंपरा इतकी भरघोस आहे की मूळ नावेच विस्मृतीत जावीत. परंतु सारी टोपणनावे एकाच जातीची नसतात. वि. वा. शिरवाडकरांचे 'कुसुमाग्रज' हे नाव केवळ कवीचे दुसरे नाव आहे. त्यामागे दुसरी व्यक्ती उभी केलेली नाही. राम गणेश गडकऱ्यांचे पाहा. नाटककार म्हणून ते गडकरीच राहिले, कविता लिहिली ती गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद लिहिला तो बाळकराम या नावाने. एका घराला तीन दारे करावीत आणि प्रत्येक दाराशी निराळा पाहुणा यावा, तशी ही व्यवस्था होती. चिं. त्र्यं. खानोलकर आणखी एक पाऊल पुढे गेले. कादंबरी आणि नाटक त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. कविता मात्र 'आरती प्रभू' या नावाने. कोकणातील या पुरुषाच्या कवितेवर स्त्रीचे वाटावे असे नाव आहे, आणि त्या नावाशिवाय ती कविता आज आपल्याला कल्पिताही येत नाही. उलट दिशेचे उदाहरण शांताबाई शेळके यांचे. त्यांनी काही चित्रपटगीते 'वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली. श्रोत्यांनी ती गुणगुणली आणि हे वसंतराव कोण, असा प्रश्न बहुतेकांच्या मनात आला नाही.

संगीताच्या क्षेत्रातले ठळक नाव रामचंद्र नरहर चितळकर यांचे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) पुणतांब्याचे हे गृहस्थ संगीतदिग्दर्शक म्हणून सी. रामचंद्र झाले आणि गायक म्हणून नुसते 'चितळकर' राहिले. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाची मुद्रिका हातात घेतली, तर गायक आणि संगीतकार हे दोन वेगळे इसम आहेत, असे अजाण माणसाला खुशाल वाटेल. याखेरीज अण्णासाहेब, राम चितळकर, श्यामू अशी नावेही त्यांनी निरनिराळ्या चित्रपटांसाठी वापरली. यात लबाडी कोणी शोधली नाही. शोधावी तरी कशी? गाणे चांगले की वाईट, हे नावावरून ठरत नव्हते.

सरकारी नोकर या नात्याने एक गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांतील नववा नियम शासनावर टीका करण्यास मनाई करतो. आणि ती टीका स्वतःच्या नावाने, निनावीपणे, टोपणनावाने किंवा दुसऱ्या कोणाच्या नावाने केलेली असो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता, असे म्हटले पाहिजे.

आता ज्या प्रकरणासाठी हा प्रपंच मांडला, त्याकडे वळू. ते प्रकरण लताबाई मंगेशकरांचे आहे.

ज्या बाईचा आवाज देशातल्या बहुतेक घरांत पोहोचला, तिच्या नावाचा इतिहास विलक्षण आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरास जन्मलेल्या या मुलीचे पहिले नाव हेमा. पुढे ते लता झाले, आणि ते आले गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातील लतिका या पात्रावरून. दीनानाथ मंगेशकरांच्या नाटक मंडळीच्या घरात हे स्वाभाविकच होते. एका पात्राच्या नावावरून जिचे नाव पडले, तिचे नाव पुढे एका पात्रामुळेच झाकले गेले. १९४९ साली 'महल' चित्रपट आला आणि खेमचंद प्रकाश यांनी बांधलेले 'आयेगा आनेवाला' हे गाणे देशभर पसरले. परंतु त्या गाण्याच्या पहिल्या मुद्रिकांवर गायिका म्हणून नाव छापलेले होते 'कामिनी'. कामिनी म्हणजे चित्रपटात मधुबालेने रंगवलेली व्यक्ती. त्या काळी रीतच तशी होती. पडद्यावर जी गाते ती गायिका, हा भ्रम मोडू नये म्हणून पार्श्वगायिकेचे नाव पात्राखाली पुरून टाकीत. श्रोत्यांना ते मानवले नाही. हे कोण गाते आहे, अशी विचारणा करणारी पत्रे रेडिओकडे येऊ लागली, आणि अखेर ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मागवून ते ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावे लागले, असे सांगतात.

प्रिन्सने कॅमिलची निर्मिती आपल्या इच्छेने केली. लताबाईंच्या माथी कामिनी दुसऱ्यांनी मारली. पहिल्यात खेळ आहे, दुसऱ्यात अन्याय आहे. म्हणून 'दुसरे नाव' या एकाच सदराखाली दोन्ही घालता येत नाहीत. नाव झाकण्याचा अधिकार ज्याचे नाव आहे त्याच्याकडे आहे की नाही, एवढे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो.

पुढे आकाशवाणीवर एक गंमत घडली. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर हे माहिती खात्याचे मंत्री असताना चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, आणि जी थोडी गीते लागत, त्यांच्या वेळी चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात ठरेल म्हणून केवळ गायकाचे नाव सांगावयाचे, असे धोरण आले. निर्माते संतापले आणि त्यांनी गाण्यांचे परवानेच काढून घेतले. केसकरांचे ते धोरण मला स्वतःला पटत नाही. पण पार्श्वगायकांच्या नावाला त्यातून अनपेक्षित मान मिळाला, हे खरे. लताबाईंनी स्वतःही हा मान मागून घेतला. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला जागा नव्हती, तेव्हा तेथे गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ च्या समारंभापासून ती जागा झाली आणि पहिले पारितोषिक 'मधुमती'तील गाण्यासाठी त्यांनाच मिळाले.

म्हणजे १९६० साल उजाडेपर्यंत या बाईने आपले नाव तबकडीवर ठसठशीत छापून घेतले होते. आणि नेमके त्यानंतर त्यांनी आपण होऊन ते झाकले.

त्याची पार्श्वभूमी कोल्हापूरची आहे. भालचंद्र गोपाळ पेंढारकर, म्हणजे सर्वांचे भालजी, हे मराठी चित्रपटातील मोठे दिग्दर्शक. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, तो त्यांनी कर्ज काढून पुन्हा उभा केला. मंगेशकर कुटुंबाशी त्यांचा घरोबा जुना. १९४२ साली दीनानाथ गेल्यावर या मुलांचा काही काळ कोल्हापुरातच गेला होता. भालजींच्या 'मोहित्यांची मंजुळा' या चित्रपटाला १९६३ साली जे संगीतदिग्दर्शक लाभले, त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले 'आनंदघन'. पूर्वी कधी न ऐकलेले नाव. त्यामागचे कारण असे सांगितले जाते की, चित्रपट पडला तर लताबाईंच्या नावाला बट्टा लागेल, अशी भीती भालजींना वाटली, आणि तिच्यातून दुसऱ्या नावाची तोड निघाली. त्याआधी 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला लताबाईंनी संगीत दिलेले होतेच. पण तेव्हा आणि आता यांत अंतर पडले होते. आता ते नाव जपावे लागण्याइतके मोठे झाले होते.

आनंदघनांनी एकंदर चार चित्रपटांना संगीत दिले. 'मोहित्यांची मंजुळा' नंतर 'मराठा तितुका मेळवावा', १९६५ चा 'साधी माणसं' आणि १९६९ चा 'तांबडी माती'. चारही भालजींचे. यांतील 'मराठा तितुका मेळवावा'ची श्रेयनामावली या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. 'अखेरचा हा तुला दंडवत' या गाण्याचे कवी म्हणून 'योगेश' असे नाव आहे, आणि हे योगेश म्हणजे खुद्द भालजी. संगीत आनंदघनांचे, म्हणजे लताबाईंचे. गायिका म्हणून मात्र लता मंगेशकर हे नाव उघड आहे. कवी मुखवट्यात, संगीतकार मुखवट्यात, आणि गाते ती एकटी आपल्या खऱ्या नावाने. ते तसे असणे प्राप्तच होते. आनंदघन हा नावापुरता लपू शकत होता. गाऊ लागता क्षणीच तो पकडला गेला असता. प्रिन्सला ज्यासाठी फितीची गती बदलावी लागली, ती अडचण येथे कामाची वाटणी करून सुटली.

आणि आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. दुसऱ्या नावाने काय साधले? नुसते नाव वाचवणे साधले असते, तर ही हकीकत विमा उतरवण्यापलीकडे गेली नसती. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली 'रेशमाच्या रेघांनी' ही लावणी आहे. ती गायली आशा भोसले यांनी. लताबाईंनी गायिका म्हणून लावणीला सहसा हात घातला नाही. आपल्या आवाजाचे आणि प्रतिमेचे एक सोवळे त्यांनी कसोशीने पाळले. आनंदघनाला ते सोवळे नव्हते. त्याने ठसकेबाज लावणी बांधली, तिच्यातील नखरा स्वरांत बरोबर पकडला, आणि जिच्या गळ्यात ती शोभेल त्या धाकट्या बहिणीला दिली. लता मंगेशकरांनी जे गायले नसते, ते आनंदघनाने रचले. याच चित्रपटात हृदयनाथांच्या आवाजातले वीरश्रीचे गाणे आहे आणि समूहगानही आहे. पंचवीस वर्षे मराठी मातीत मुरलेल्या चाली, भजनी ठेका, पोवाड्याचा आवेश, कोल्हापुराकडच्या गवळणींची वळणे, हे सारे मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदांत वावरणाऱ्या बाईच्या कानाआड साठून राहिलेले होते. हिंदी चित्रपटांतील तिच्या गाण्यांत त्याला वाव नव्हता. तो वाव या उसन्या नावाने दिला.

'साधी माणसं'मधील 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणे पाहा. जगदीश खेबुडकरांचे हे गीत लोहाराच्या घरातले. चाल इतकी साधी की शाळेतल्या मुलाने एकदा ऐकून म्हणावी. स्वरांचा विस्तार मर्यादित, ठेका घणाच्या घावासारखा ठाम, आणि भात्याच्या श्वासासारखी तिला एक ओढ आहे. कोठेही हरकतींची आतषबाजी नाही. जिच्या गळ्याला काहीही अशक्य नव्हते, तिने स्वतःच्या गळ्यासाठी चाल बांधताना तो गळा दाखवण्याचा मोह टाळला आहे. संगीतकाराचा हा संयम मला फार मोठा वाटतो. आनंदघन हा लता मंगेशकरांचा भक्त नव्हता. त्याने तिला इतर गायिकांप्रमाणे कामाला लावले.

या चित्रपटासाठी १९६६ साली महाराष्ट्र राज्याचा उत्कृष्ट संगीतदिग्दर्शनाचा पुरस्कार आनंदघनांना जाहीर झाला. गायनाचाही पुरस्कार लताबाईंनाच होता. समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले तेव्हा कोणी उठेना; लताबाई आपल्या खुर्चीवर स्वस्थ बसून होत्या. अखेर निवेदकाने आनंदघन येथेच बसलेले आहेत असे सांगून त्यांचे नाव घेतले, आणि त्यांना उठावे लागले. ही हकीकत महाराष्ट्रात पुष्कळांनी ऐकली आहे आणि ती विनयाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. पुरस्कार मिळेपर्यंत आनंदघन ही एक स्वतंत्र व्यक्ती होती, तिच्या कामाचे मोल स्वतंत्रपणे केले जात होते. त्या संध्याकाळनंतर ती उरली नाही. पुढे 'तांबडी माती' आला, त्याला मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. पण आता आनंदघन म्हणजे लताबाई हे लोकांना ठाऊक होते, आणि मुखवटा केवळ रिवाजापुरता राहिला होता. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

वरच्या मजल्यावरच्या तरुणाला मी हे सारे सांगितले, तेव्हा त्याने अगदी व्यावहारिक प्रश्न काढला. दुसऱ्या नावाने गाणे दिले तर हक्काचे काय? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे आणि ते मनोरंजक आहे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढवली गेली. मात्र निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीसाठी, तेविसाव्या कलमाप्रमाणे, साठ वर्षे मोजावयाची ती प्रकाशनापासून. कारण उघड आहे. कर्ता कोण हेच ठाऊक नसेल, तर तो कधी वारला हे कसे ठरवावे? पण मुदत संपण्यापूर्वी कर्त्याची ओळख प्रकट झाली, तर पुन्हा हयात अधिक साठ वर्षे हा सामान्य नियम लागू होतो.

हिशेब करून पाहा. आनंदघन कोण हे कधीच उघड झाले नसते, तर १९६५ सालच्या रचनेवरचा हक्क २०२५ च्या अखेरीस संपला असता. ते नाव उघड झाले. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. तेव्हा त्या चालींवरचा हक्क २०८२ च्या अखेरपर्यंत टिकतो. त्याच गाण्यातले शब्द खेबुडकरांचे. ते २०११ साली वारले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच वस्तू. तिची साठ वर्षे प्रकाशनापासूनच मोजली जातात, गायक कोणीही असो. एकाच तीन मिनिटांच्या गाण्यात अशी तीन घड्याळे निरनिराळ्या वेगाने चालत असतात. हे हक्क प्रत्यक्षात निर्मात्याकडे असोत की रचनाकाराकडे, तो निराळा आणि पुष्कळ भांडणांचा विषय आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनात काही वाटा राखून दिला, एवढेच येथे नोंदवतो.

जे ध्वनिमुद्रण कधी प्रसिद्धच झाले नाही, त्याचे घड्याळ सुरूच होत नाही, हे आणखी विशेष. त्या मुलाच्या कपाटातली नऊ गाणी कायद्याच्या दृष्टीने अजून जन्मलेली नाहीत, तरीही चोरीपासून सुरक्षित आहेत. त्याला मी एवढेच सुचवले की, गाणी कोणत्याही नावाने द्यावीत, परंतु ती केव्हा आणि कोणी केली याचा लेखी पुरावा घरात असू द्यावा. आनंदघनाची ओळख पटवायला भरलेले सभागृह होते. सर्वांना ते लाभेल असे नाही.

मुद्रित झाले पण प्रकाशात आले नाही, अशा गाण्यांचा विषय निघाला की लताबाईंकडेच परत यावे लागते. त्यांचे चित्रपटासाठी मुद्रित झालेले पहिले गाणे १९४२ सालच्या 'किती हसाल' या मराठी चित्रपटातले. सदाशिवराव नेवरेकरांची चाल होती. मुलगी तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. चित्रपट पुरा होताना ते गाणे कापले गेले, आणि तिचा पहिला मुद्रित सूर श्रोत्यांपर्यंत पोहोचलाच नाही. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, त्यांच्या ब्याण्णवाव्या वाढदिवशी विशाल भारद्वाज यांनी 'ठीक नहीं लगता' हे गुलजारांचे गीत प्रसिद्ध केले. ते दोन दशकांहूनही अधिक काळापूर्वी एका चित्रपटासाठी मुद्रित झाले होते. चित्रपट झाला नाही, आणि फीत एका ध्वनिमुद्रणगृहात पडून राहिली होती. ती सापडली तेव्हा तिच्यातील आवाज अनेक वर्षांपूर्वीचा, मध्यान्हीचा होता आणि गाणारी बाई नव्वदी ओलांडलेली. प्रकाशनानंतर पाच महिन्यांच्या आत त्या गेल्या. या मुद्रिकेवर नाव कोणाचे छापावयाचे, याविषयी मात्र कोणाला विचारावे लागले नाही.